बडखल मोड: तलावाच्या नावाचं स्टेशन, तलाव हरवलेलं शहर

दिल्ली मेट्रोची व्हायोलेट लाईन बदरपूरची हद्द ओलांडते आणि हरियाणा सुरू होतो. सराय, एनएचपीसी चौक, मेवला महाराजपूर, सेक्टर २८ आणि मग ‘बडखल मोड’. मोड म्हणजे वळण. मथुरा रोडवरून बडखल तलावाकडे वळायचं ते ठिकाण. ६ सप्टेंबर २०१५ रोजी ही मेट्रो फरीदाबादेत धावू लागली, तेव्हा स्टेशनला तलावाचं नाव मिळालं. गंमत अशी, की ज्या तलावाकडे वळायचं तो तोवर आटून दशकभराहून जास्त काळ लोटला होता.

तुमच्या घरात कुणी सत्तर-ऐंशीच्या दशकात दिल्लीत नोकरीला असेल, तर त्यांना बडखलबद्दल विचारून बघा. रविवारी डबे भरून, सतरंजी घेऊन, बसनं बडखलला जायचं, होडीत बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा दिल्लीकरांचा ठरलेला कार्यक्रम होता. पुणेकरांना खडकवासला, कोल्हापूरकरांना रंकाळा, तसा दिल्लीकरांना बडखल.

फरीदाबाद म्हटलं की आज आपल्याला कारखाने आठवतात. ट्रॅक्टर, टायर, बाटाचे बूट. घरातल्या बायकांना कदाचित मेंदीही आठवेल, कारण फरीदाबादची मेंदी प्रसिद्ध आहे. पण हे शहर मुळात पाण्याच्या आधारानं वसलं. हजार वर्षांत इथं आलेल्या प्रत्येकानं आधी पाणी अडवलं, मग वस्ती केली. ही सवय मोडली ती आपल्याच काळात.

एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर

नकाशा उघडा. दिल्लीच्या दक्षिणेला, साधारण तीस किलोमीटरवर फरीदाबाद आहे. पूर्वेला यमुना, पश्चिमेला अरवलीच्या टेकड्या आणि मधल्या पट्ट्यात शहर. यमुनेला जवळजवळ समांतर आग्रा कालवा वाहतो. इंग्रजांनी ओखल्याला बंधारा घालून १८७४ मध्ये तो सुरू केला. दिल्लीहून मथुरा-आग्र्याकडे जाणारा जुना राजरस्ता आणि रेल्वेही याच पट्ट्यातून जातात. डोंगर आणि नदीच्या मध्ये जागाच तेवढी, त्यामुळे सगळी वाहतूक इथूनच.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला अरवलीचा हा भाग डोंगर वाटणारच नाही. या नुसत्या टेकड्या, त्याही खुरट्या झाडांच्या. पण वय विचाराल तर सह्याद्री यांच्यापुढे नातवंड शोभेल. आपला दख्खनचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अरवलीचे खडक शंभर कोटींहून अधिक वर्षांचे आहेत. ऊन, वारा, पाऊस खाऊन खाऊन झिजलेली ही जगातल्या सर्वांत जुन्या पर्वतरांगांपैकी एक. शहराच्या पश्चिमेला दिसते ती तिची उत्तरेकडची शेपटी. ही शेपटी पुढे दिल्लीत शिरते, तिथं तिला ‘रिज’ म्हणतात.

इथला खडक क्वार्ट्झाइटचा, गारगोटीसारखा टणक. तो पाणी शोषत नाही, पण त्याला भेगा फार. पावसाळ्यात पाणी ओहोळांनी पूर्वेकडे, म्हणजे शहराच्या दिशेनं उतरतं आणि वाटेत थांबलं तर भेगांतून खाली मुरतं. खालच्या गावांच्या विहिरींना पाणी लागायचं ते याच मुरलेल्या पाण्याचं. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडतो, तोही मोजक्या दिवसांत. त्यामुळे पाणी वाटेत थांबवायचं, एवढं एकच सूत्र इथं लागू पडतं. टेकड्यांच्या दोन सोंडांमध्ये बांध घाला, मागे तलाव तयार. तलाव दिसतो तेवढा फायदा आहेच, पण खरा फायदा जमिनीखाली.

हजार वर्षांपूर्वीचे पाटबंधारे

हे सूत्र पहिल्यांदा कुणी ओळखलं, याचा पुरावा अनंगपूर गावाजवळ उभा आहे. तिथं अरुंद घळीत दगडी धरण आहे. सुमारे ५० मीटर लांब आणि ७ मीटर उंच. ते तोमर राजा अनंगपालाच्या नावानं ओळखलं जातं. पाणी सोडायला खाली दारं आहेत आणि वर चढायला पायऱ्या. सिमेंट नाही, लोखंड नाही, डोंगरातलाच क्वार्ट्झाइट घडवून बसवलेला. आज मागे पाणी साठत नाही, धरण मात्र जागेवर आहे.

तिथून दोनेक किलोमीटरवर सूरजकुंड. दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपालानं ते बांधलं असं मानतात. उगवत्या सूर्याच्या आकाराचं, अर्धवर्तुळाकार पायऱ्यांचं हे कुंड रंगमंचासारखं दिसतं. पावसाचं पाणी डोंगरावरून उतरून यात जमायचं. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं त्याच्या पायऱ्यांची डागडुजी केली. राजवट बदलली, धर्म बदलला, तरी पाणी साठवायची जागा मोडायची नाही, एवढं शहाणपण त्या सुलतानाला होतं.

फेब्रुवारीत इथं भरणारा सूरजकुंड हस्तकला मेळा आता कुंडापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. १९८७ पासून तो भरतो. देशभरातले विणकर, कुंभार, चित्रकार येतात आणि दरवर्षी एका राज्याला मानाचं स्थान मिळतं. २०१९ साली तो मान महाराष्ट्राकडे होता. मेळ्याला लाखोंनी माणसं येतात. त्यातली किती शेजारच्या कुंडापर्यंत चालत जातात, कुणास ठाऊक. गेली तरी पाणी दिसण्याची शक्यता कमीच.

खजिनदाराचं गाव

फरीदाबाद हे नाव बाबा फरीद या सूफी संतावरून आलं असं अनेकांना वाटतं. बाबा फरीद होऊन गेले तेराव्या शतकात, पाकपट्टणला. इथला फरीद वेगळा. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद यानं १६०७ मध्ये हे गाव वसवलं. उद्देश व्यवहारी होता. दिल्ली-आग्रा हा साम्राज्याचा मुख्य रस्ता, त्यावर लूटमार होऊ नये म्हणून मध्ये एक ठाणं हवं. शेख फरीदनं तीन गोष्टी बांधल्या असं जुनं गॅझेटियर सांगतं: किल्ला, मशीद आणि तलाव. म्हणजे फरीदाबादच्या जन्माच्या दाखल्यातच तलाव आहे.

रस्त्यावरचं गाव म्हणजे सैन्याच्या वाटेवरचं गाव, आणि इथंच आपल्या मराठी इतिहासाचा एक धागा येऊन मिळतो. १७५७ च्या सुरुवातीला अहमदशाह अब्दाली दिल्लीत शिरला. तेव्हा पेशव्यांचे दिल्लीतले सरदार होते अंताजी माणकेश्वर. रघुनाथराव अजून दूर होते, अंताजींकडे मोजकं घोडदळ. तरीही दिल्लीच्या बाहेर नरेल्याला आणि मग १ फेब्रुवारीला फरीदाबादजवळ ते अब्दालीच्या फौजेशी लढले. अफगाणांची संख्या कितीतरी पट जास्त होती, त्यांनी वेढा घातला. अंताजी वेढा फोडून निसटले, पण बरीच माणसं गमावून. पुढे काही आठवड्यांतच अब्दालीनं शेजारचा बल्लभगढचा किल्ला घेतला. तेव्हा किल्ल्यात जाट राजपुत्र जवाहरसिंहाबरोबर अंताजी आणि शमशेरबहादूरही होते. तिघंही रात्री निसटून गेले. शमशेरबहादूर म्हणजे बाजीराव-मस्तानीचा मुलगा, जो पुढे पानिपतात कामी आला. पानिपत आपल्याला पाठ असतं, पण त्याच्या चार वर्षं आधीच्या या चकमकीचं नाव सहसा कानावर पडत नाही.

बल्लभगढ आता फरीदाबादचाच भाग आहे. तिथल्या जाट संस्थानाचा राजा नाहरसिंह १८५७ च्या उठावात सामील झाला. ९ जानेवारी १८५८ रोजी इंग्रजांनी त्याला चांदणी चौकात फाशी दिली आणि संस्थान खालसा केलं. मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनला त्याचं नाव आहे.

स्वतःचं घर स्वतः बांधणारे निर्वासित

फाळणीच्या वेळी फरीदाबाद एक लहानसा कसबा होता. वायव्य सरहद्द प्रांतातले, बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान या भागांतले हजारो हिंदू-शीख निर्वासित कुरुक्षेत्रच्या छावणीत तंबूंत राहत होते. त्यांना वसवण्यासाठी १९४९ मध्ये फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष होते राजेंद्रप्रसाद. नेहरू स्वतः वारंवार येऊन कामाची पाहणी करायचे. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनमधली एल. सी. जैन यांच्यासारखी तरुण मंडळी कामाला लागली. जैन यांनी या साऱ्या प्रयोगावर नंतर एक पुस्तकही लिहिलं.

प्रयोग असा, की घरं ठेकेदारांनी बांधायची नाहीत, निर्वासितांनीच सहकारी संस्था काढून बांधायची. यातले बरेच जण दुकानदार, व्यापारी. आयुष्यात थापी हातात न धरलेले. ते विटा पाडायला, रचायला शिकले. मजुरी मिळाली, काम शिकून झालं आणि घरही उभं राहिलं. महायुद्धाच्या भरपाईपोटी जर्मनीकडून मिळालेला एक डिझेलवरचा वीजसंच कलकत्त्यात पडून होता. तो खटपट करून इथं आणला आणि कारखान्यांना वीज मिळाली. पुढे या सहकाराची घडी सरकारी फायलींनी विस्कटली, हा भाग वेगळा.

त्या वसाहतीचं नाव न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, लोकांच्या तोंडी एनआयटी. बाहेरगावचे लोक एनआयटीत उतरून इंजिनिअरिंग कॉलेज शोधतात. इथला ‘बी. के. चौक’ म्हणजे बादशहा खान चौक, निर्वासितांनी आपल्या मुलखातल्या नेत्याची ठेवलेली आठवण.

मग कारखाने आले, माणसं आली. १५ ऑगस्ट १९७९ ला गुडगावातून वेगळा काढून फरीदाबाद जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाखांवर होती, हरियाणातलं सर्वांत मोठं शहर.

तलाव आटतो म्हणजे काय होतं?

आता बडखलकडे वळू. हा तलाव निसर्गानं दिलेला नाही. १९४७ मध्ये दोन टेकड्यांच्या मध्ये बांध घालून तो तयार केला, शेतीच्या पाण्यासाठी. अनंगपूरच्या राजानं केलं तेच, नव्या काळात. बडखल हे नाव फारशी ‘बेदखल’वरून आलं असं पर्यटन खातं सांगतं. बेदखल, म्हणजे जिथं कुणाची ढवळाढवळ नाही अशी जागा. पुढे जे झालं ते पाहता हे नाव चांगलंच अंगाशी आलं.

हरियाणा पर्यटन खात्यानं इथं विश्रामगृह, उपाहारगृह, होड्या आणल्या. या खात्याची एक मजेदार पद्धत आहे. त्यांच्या विश्रामगृहांना पक्ष्यांची नावं असतात. सूरजकुंडचं राजहंस, फरीदाबादचं मॅगपाय. पाणी गेलं, पक्षी पाट्यांवर राहिले.

नव्वदच्या दशकात पाणी कमी होत गेलं आणि दोन हजार सालानंतर काही वर्षांतच तलाव कोरडा पडला. पाऊस कमी झाला म्हणून? नाही. दिल्ली वाढत होती आणि तिला दगड, खडी, वाळू हवी होती. अरवलीतली लालसर वाळू दिल्लीत ‘बदरपूर’ याच नावानं विकली जाते. गवंडी विचारतो, “बदरपूर किती पोती?” गावाचं नाव वस्तूचं नाव झालं, इतकी वाळू इथून गेली. तलावाच्या वरच्या अंगाला टेकड्या फोडल्या गेल्या. ज्या ओहोळांनी पाणी उतरायचं ते मधेच तुटले. खाणी तलावाच्या तळापेक्षा खोल गेल्या, भूजलाला लागल्या. खोदकाम चालू ठेवायला ते पाणी उपसून टाकायचं. खालच्या बाजूला शहर बोअर मारून पाणी ओढत होतं. तलावाला वरून पाणी येईना आणि खालून आधार राहीना. तळ फुटलेल्या घागरीत कितीही पाणी ओता.

पर्यावरण वकील एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. तलाव वाचवायचे तर किती अंतर मोकळं ठेवायचं, हे पाहायला न्यायालयानं नागपूरच्या नीरी संस्थेला सांगितलं. नीरीच्या शास्त्रज्ञांचा अहवाल आला आणि १९९६ मध्ये न्यायालयानं बडखल आणि सूरजकुंड या तलावांभोवती खाणकाम आणि बांधकामावर बंधनं घातली. २००२ मध्ये दिल्लीच्या हद्दीलगत अरवलीत खाणकामाला मनाई झाली, आणि २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव, मेवात या तिन्ही जिल्ह्यांच्या अरवलीत खाणी बंद करण्याचा आदेश आला. निकाल चांगले होते. पण बडखलपुरते ते रुग्ण दगावल्यावर आलेल्या डॉक्टरसारखे ठरले.

खाणी बंद झाल्या आणि त्यांच्या खड्ड्यांत भूजल भरलं. आज टेकड्यांत निळेशार, खोल, सुंदर तलाव दिसतात ते हेच. मोबाईलवर त्यांचे फोटो फिरतात. या पाण्याला उथळ काठ नाही, पाय टाकला की एकदम खोल. दरवर्षी तरुण मुलं इथं पोहायला जातात आणि बुडतात. स्थानिक लोक या भागाला ‘डेथ व्हॅली’ म्हणतात. तुमच्या ओळखीतला कुणी फोटो पाहून जायचं म्हणत असेल, तर त्याला आधी हे सांगा.

खाणींत राबायला आलेल्या मजुरांनी सूरजकुंडजवळ खोरी गाव ही वस्ती केली होती. पुढे कमी पैशात जागा मिळते म्हणून आणखी कष्टकरी येऊन राहिले. जमीन वनखात्याच्या कायद्याखालची. २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं ती पाडली गेली, सुमारे दहा हजार घरं, कोविडच्या काळात, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. त्याच अरवलीत उभ्या असलेल्या फार्महाऊसांचा आणि लग्नाच्या हॉलांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं रेंगाळत राहिला. कायदा सगळ्यांना सारखा असं म्हणायला ठीक आहे, पण बुलडोझरचा वेग माणूस पाहून ठरतो असं इथं वाटल्याशिवाय राहत नाही.

सांडपाण्यानं भरलेला तलाव चालेल?

२०१६ मध्ये फरीदाबाद स्मार्ट सिटी योजनेत आलं आणि बडखल पुन्हा भरायची योजना पुढे आली. शहराचं सांडपाणी शुद्ध करून तलावात सोडायचं. त्यासाठी रोज एक कोटी लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र, नवा काठ, चालायला वाट, दिवे. मुदती ठरल्या आणि पुढेही ढकलल्या गेल्या.

अनेकांना ही कल्पना ऐकूनच कसंतरी होतं. मला त्यात वावगं दिसत नाही, पाणी खरोखर शुद्ध करून सोडलं तर. शहर यमुनाकाठच्या रेनीवेल विहिरींतून पाणी उपसतं, वापरतं आणि घाण करून पुन्हा यमुनेच्या दिशेनं सोडतं. त्यातलं थोडं शुद्ध होऊन डोंगराच्या पायथ्याशी मुरलं तर काय बिघडलं? शंका वेगळीच आहे. पंपानं भरलेला तलाव पंप चालू आहे तोवरच तलाव असतो. वीज गेली, बजेट संपलं, ठेका बदलला, की पुन्हा कोरडा. डोंगरातून येणारे ओहोळ मोकळे केल्याशिवाय त्याला स्वतःचं पाणी मिळणार नाही. आणि ओहोळ मोकळे करायचे म्हणजे वाटेत आलेल्या भिंतींना हात लावावा लागेल. दिवे लावणं त्या मानानं सोपं.

हे होऊ शकतं का, याचं उत्तर जिल्ह्यातच आहे. फरीदाबाद-गुडगावच्या सीमेवर मांगर गावाजवळ ‘मांगर बनी’ आहे. बनी म्हणजे देवराई. आपल्याकडे कोकणात, मावळात देवाच्या नावानं राखलेलं जंगल असतं, अगदी तसंच. इथले गुज्जर गावकरी गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेनं पिढ्यान् पिढ्या इथली फांदी तोडत नाहीत. बाकी अरवलीवर परदेशी विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, माजलेली असताना या दरीत मूळचा ‘धौ’ दाटीनं उभा आहे. आपल्या धावड्याचाच हा भाऊ. झाडांखाली माती आहे, मातीत पाणी मुरतं. जवळच्या खडकांवर आदिमानवानं काढलेली चित्रंही २०२१ मध्ये उजेडात आली. या जमिनीवर बिल्डरांचा डोळा नाही असं नाही. गावकरी आणि पर्यावरणप्रेमी तिच्यासाठी अनेक वर्षं भांडत आहेत.

जायचं असेल तर

दिल्लीत नातेवाइकांकडे गेलात की एक दिवस पुरतो. सूरजकुंड आणि अनंगपूरचं धरण एकाच फेरीत होतं. धरणाकडे नीट पाट्या नाहीत, गावात विचारावं लागतं, आणि बूट चांगले हवेत. मेळ्यासाठी फेब्रुवारी, पण डोंगर पाहायचा तर ऑगस्टच्या शेवटी जा, जोराचा पाऊस पडून गेल्यावर. तेव्हा अरवली हिरवी असते आणि मोर ओरडत असतात. दगडांतून बारीक ओहोळ पूर्वेकडे निघालेले दिसतात. त्यातल्या एखाद्याच्या कडेकडेनं चालत राहिलात, तर तो कुठं अडतो तेही दिसेल. बहुतेक वेळा एखाद्या कंपाउंडच्या भिंतीपाशी.